कार्बन रेझिस्टर: आत काय असतं, पट्टे कसे वाचायचे आणि मीटरवर कसा तपासायचा

सोलापुरात आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला लागलेली, नाहीतर एखाद्या रिपेअरिंगच्या दुकानात नुकतीच बसायला लागलेली पोरं सगळ्यात आधी कुठं अडतात तर रेझिस्टरवर. बोर्डावर सगळ्यात जास्त संख्या त्याचीच, आणि अंगावर आकडा नाही, नुसते रंगाचे पट्टे. मग मोबाइलवर चार्ट काढायचा, एकेक रंग जुळवायचा, आणि चार दिवसांनी परत तोच चार्ट शोधत बसायचं. चार्ट पाठ होणं सोपं आहे, ते खाली सांगतोच, पण माझं म्हणणं असं की रंग पाठ झाले म्हणजे रेझिस्टर वाचता आला असं होत नाही. त्याचं अंग केवढं आहे, तो किती तापणार, बोर्डात कशाच्या अलीकडं-पलीकडं बसलाय आणि मीटर (मल्टीमीटर) काय म्हणतोय, हे सगळं एकत्र बघायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यायची. म्हणून हे सगळं सुरुवातीपासून लिहितोय, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांनी पण बिनधास्त वाचा.

दुकानात सगळे याला रेझिस्टन्सच म्हणतात, त्यामुळं दोन्ही शब्द ऐकू आले तर गोंधळू नका.

आधी आतलं समजून घ्या

तांब्याच्या तारेतून करंट आरामात जातो, प्लास्टिकमधून जवळपास जातच नाही, आणि कार्बन या दोघांच्या मधला. करंट जाऊ देतो पण अडवून अडवून जाऊ देतो, आणि अडवताना जी ऊर्जा जाते ती उष्णता होऊन बाहेर पडते. रेझिस्टरचं काम एवढंच. किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात. जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकानं १८२७ साली याचा नियम छापला, व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. १ व्होल्ट दिल्यावर १ अँपिअर गेला तर तो १ ओहम, त्याच १ व्होल्टला फक्त १ मिलिअँपिअर गेला तर तो १००० ओहम, म्हणजे १ के.

कार्बनचे रेझिस्टर दोन जातीचे, आणि पुस्तकात हा फरक एका ओळीत उरकतात पण कामात तो सारखा समोर येतो.

पहिली जात कार्बन कॉम्पोझिशन. यात कार्बनची बारीक पूड आणि सोबत करंट न जाऊ देणारी माती किंवा रेझिन असं मिसळून त्याची कांडी दाबून तयार करतात, दोन्ही टोकांना तारेचे पाय, वरून कव्हर. कार्बन जास्त घातला की कण एकमेकांना जास्त चिकटतात, करंटला वाटा जास्त मिळतात, ओहम कमी होतात. कार्बन कमी घातला की ओहम वाढतात. म्हणजे पूर्ण किंमत (पैशातली नाही, ओहमचा आकडा) त्या मिश्रणावर ठरते आणि म्हणूनच ती कधी अगदी नेमकी येत नाही, ५, १०, अगदी २० टक्क्यांपर्यंत इकडं-तिकडं. आजोबांच्या काळचा व्हॉल्वचा रेडिओ उघडलात तर तपकिरी, एकसारख्या जाडीचे, कडा सरळ कापल्यासारखे जे दांडके दिसतात ते हे. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता खाऊन यांची किंमत हळूहळू वर सरकते, त्यामुळं जुन्या रेडिओत पट्टे १०० के म्हणतात आणि मीटर १३०-१४० के म्हणतो, हे अगदी नेहमीचं. पण एका गोष्टीत हे फार दणकट, अचानक आलेला मोठा झटका हे पूर्ण अंगावर घेतात, कारण आतला सगळा गोळाच करंट वाहतो, नुसता वरचा थर नाही.

दुसरी जात कार्बन फिल्म, आज बाजारात मिळणारे फिक्कट बिस्किटी रंगाचे, दोन्ही टोकांना थोडे फुगीर, ते हे. यात आत सिरॅमिकची पांढरी दांडी असते, ती करंट नेत नाही. मिथेनसारखा वायू भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवला की त्यातला कार्बन मोकळा होऊन दांडीवर पातळ थर बसतो. मग टोकांना धातूच्या टोप्या दाबून बसवतात, आणि त्या थरावर गोल गोल फिरत जाणारी चीर पाडतात. चीर पडली की राहिलेला कार्बन कारखान्यातल्या कांडीवर सूत गुंडाळलेलं असतं तसा दांडीभोवती वेढे घेत जातो, करंटला सरळ जाण्याऐवजी त्या लांब, अरुंद पट्टीवरून फिरत जावं लागतं. वाट लांब झाली आणि अरुंद झाली की रेझिस्टन्स वाढतो. चीर पाडता पाडता मोजत राहायचं आणि पाहिजे ती किंमत आली की थांबायचं, त्यामुळं यात ५ टक्के सहज मिळतात.

एखादा खराब कार्बन फिल्म रेझिस्टर घ्या आणि वरचा रंग ब्लेडनं हळूच खरवडा, ती काळी पट्टी आणि चीर डोळ्यानं दिसते. प्रत्येक नव्या पोरानं हे एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण नंतर रेझिस्टर जळतो म्हणजे नेमकं काय होतं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ती पट्टी कुठंतरी जळून तुटते आणि रेझिस्टर ओपन होतो.

कार्बनची अजून एक सवय म्हणजे तापला की रेझिस्टन्स थोडा कमी होतो, तांब्याच्या उलटं. समजा प्रत्येक अंशाला ५०० पीपीएम (दहा लाखात ५०० भाग) घट धरली, तर ३० अंश तापमान वाढल्यावर १० केचा रेझिस्टर दीडशे ओहमनं खाली येतो. एलईडीला याचा काही फरक पडत नाही, पण मोजमापाच्या सर्किटला पडतो, म्हणून तिथं निळ्या अंगाचे मेटल फिल्म वापरतात.

रंग पाठ करायची आपली पद्धत

कॉलेजात फिजिक्सला रंगांचा क्रम लक्षात राहावा म्हणून बीबी रॉय वालं इंग्रजी वाक्य पाठ करायला लावतात, त्यातलं एकेक अक्षर म्हणजे एकेका रंगाचं इंग्रजी आद्याक्षर. त्यात बी तीनदा येतो आणि जी दोनदा, आणि ऐन वेळी कुठला बी ब्लॅकचा, कुठला ब्राऊनचा आणि कुठला ब्लूचा हेच आठवत नाही. त्यापेक्षा शाळेत इंद्रधनुष्याचे रंग आपण सगळ्यांनी पाठ केलेत, तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यातला पारवा काढून टाका. राहिलं तानापिहिनिजा, आणि याला सरळ २ पासून ७ पर्यंत नंबर द्या.

तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७.

मग इंद्रधनुष्याच्या आधी अंधारातले दोन रंग, काळा ० आणि तपकिरी १. इंद्रधनुष्य संपल्यावर उजेडाकडचे दोन, राखाडी ८ आणि पांढरा ९. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अंधारातून उजेडात जायचं, मधे इंद्रधनुष्य. एवढंच आहे बघा, पाच मिनिटांत पाठ होतं आणि परत विसरत नाही.

सोनेरी आणि चंदेरी हे दोन वेगळे. शेवटच्या पट्ट्यात आले तर सोनेरी म्हणजे किंमत ५ टक्के कमी-जास्त, चंदेरी म्हणजे १० टक्के. तिसऱ्या पट्ट्यात आले तर सोनेरी म्हणजे आकड्याला १० नं भागायचं, चंदेरी म्हणजे १०० नं. आणि शेवटचा पट्टा नसेलच तर २० टक्के, पण तसले आता जुन्या रेडिओतच सापडतील.

चार पट्ट्यांचा रेझिस्टर वाचायचा

सोनेरी किंवा चंदेरी पट्टा उजव्या हाताला धरा, डावीकडून वाचायला लागा. पहिला पट्टा पहिला आकडा, दुसरा पट्टा दुसरा आकडा, तिसरा पट्टा म्हणजे पुढं किती शून्य लावायचे, चौथा म्हणजे टक्केवारी.

पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी घ्या. ४, ७, आणि पुढं दोन शून्य, ४७००. म्हणजे ४.७ के, ५ टक्के. ५ टक्के म्हणजे २३५ ओहम, तेव्हा मीटरवर ४४६५ ते ४९३५ यातलं काहीही आलं तरी रेझिस्टर चांगला आहे. नवीन पोरं ४.६२ के आलं की लगेच खराब म्हणून बाजूला टाकतात, तसं करू नका.

तपकिरी, काळा, नारिंगी, सोनेरी म्हणजे १, ० आणि तीन शून्य, १०,००० ओहम, १० के. तांबडा, तांबडा, तपकिरी म्हणजे २२ पुढं एक शून्य, २२०. तपकिरी, हिरवा, हिरवा म्हणजे १५ पुढं पाच शून्य, १५ लाख ओहम, याला दीड मेग म्हणतात. हिरवा, निळा, सोनेरी, सोनेरी म्हणजे ५६ भागिले १०, ५.६ ओहम.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तिसरा पट्टा काळा असला की. तपकिरी, काळा, काळा, सोनेरी हा १०० ओहम नाही, हा १० ओहम. तिसऱ्या जागी काळा म्हणजे शून्य लावायचेच नाहीत, आकडा आहे तसा घ्यायचा. आणि पूर्ण अंगावर मधोमध एकच काळा पट्टा असेल तर तो शून्य ओहमचा, म्हणजे नुसता जंपर, बोर्डावर ट्रॅक ओलांडायला टाकलेला.

हात बसला की पूर्ण वाचायचीच गरज पडत नाही, अनुभवी मेकॅनिक आधी तिसऱ्या पट्ट्याकडंच बघतो. तिसरा काळा, तर दहा ते शंभरच्या आतला. तपकिरी, तर शेकड्यात. तांबडा, तर हजारात. नारिंगी, तर दहा हजारांच्या घरात, पिवळा लाखात, हिरवा दहा लाखांत. एकदा टप्पा कळला की मग पहिले दोन आकडे बघायचे. उलट क्रमानं वाटेल, पण कामाला हेच पटकन पडतं, आणि शून्य मोजण्यात एकानं चूक होणं बंद होतं.

आकडे असे विचित्र का असतात

दुकानात जाऊन ५ के द्या म्हटलं की अण्णा म्हणणार ४.७ घे नाहीतर ५.१ घे. याला कारण आहे. १० टक्क्यांच्या मालाला जगभर १२ आकडे ठरलेत: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि मग हेच दहापट, शंभरपट. प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा साधारण वीस-बावीस टक्क्यांनी मोठा. ३३ मध्ये १० टक्के वाढवले की ३६.३ येतात, ३९ मधून १० टक्के काढले की ३५.१, म्हणजे एकाची हद्द जिथं संपते तिथं दुसऱ्याची सुरू होते, मधे जागा राहत नाही आणि उगाच जास्त किंमती बनवाव्या लागत नाहीत. ५ टक्क्यांना हेच २४ आकडे होतात, त्यात ५१, ६२, ७५, ९१ असले येतात.

वाचताना याचा उपयोग असा की तुमचं उत्तर या यादीत बसतंय का बघायचं. पट्टे वाचून ७४ के आलं तर नक्की कुठंतरी वाचण्यात चूक झालीय, परत वाचा.

पाच पट्टे

पाच पट्टे असले की पहिले तीन आकडे, चौथा शून्यांचा, पाचवा टक्केवारीचा. निळ्या मेटल फिल्मवर जास्त करून हेच असतं आणि पाचवा पट्टा तपकिरी, म्हणजे १ टक्का. तांबडा असेल तर २ टक्के. ४.७ के इथं पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी असा लिहितात, ४७० पुढं एक शून्य.

इथं खरी अडचण म्हणजे सोनेरी पट्टाच नाही, मग सरळ बाजू कुठली? साधारणपणे टक्केवारीचा पट्टा बाकीच्यांपासून जरा लांब किंवा जरा जाड असतो, पण स्वस्त मालात तो फरक डोळ्याला दिसत नाही. उदाहरण बघा, तपकिरी, काळा, काळा, तांबडा, तपकिरी. डावीकडून वाचला तर १०० पुढं दोन शून्य, १० के. उलटा वाचला तर तपकिरी, तांबडा, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे १२० ओहम. दोन्ही किंमती यादीत आहेत, दोन्ही बाजारात मिळतात, नुसतं बघून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. इथं मीटर लावायचा, विषय संपला. सहावा पट्टा असेल तर तो तापमानाचा, सुरुवातीला तो सोडून दिला तरी चालेल.

रंग बघताना उजेड चांगला पाहिजे. पिवळ्या बल्बखाली तपकिरी, तांबडा आणि नारिंगी एकसारखे दिसतात, राखाडी आणि जांभळा पण फसवतो, आणि निळ्या अंगावर तर अजूनच. पांढऱ्या उजेडात किंवा दाराशी दिवसाच्या उजेडात न्या, मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघा. ज्यांना लाल-हिरवा रंग ओळखायला अडचण आहे त्यांनी अजिबात मनाला लावून घेऊ नका, प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजायची सवय लावा, काम तितकंच चांगलं होतं.

सर्किटच्या कागदावर ४के७ असं लिहिलेलं दिसेल, ते ४.७ के. ४आर७ म्हणजे ४.७ ओहम, १एम० म्हणजे १ मेग. झेरॉक्स काढता काढता पॉइंट पुसला जातो म्हणून पॉइंटच्या जागी अक्षर घालतात. आणि बोर्डावरच्या बारीक काळ्या चौकोनी चिपवर १०३ लिहिलं असेल तर तीच पट्ट्यांची पद्धत, १० पुढं तीन शून्य, १० के. ४७२ म्हणजे ४.७ के.

वॅट, ज्याच्याकडं कुणी बघत नाही

ओहम पट्ट्यावर असतो, वॅट अंगावरून ओळखायचा. पाव वॅटचा रेझिस्टर साधारण ६ मिलिमीटर लांब, अर्ध्या वॅटचा ९ च्या आसपास, १ वॅटचा ११-१२ मिलिमीटर आणि जाडीला पण जास्त. दुकानात मागताना ओहमसोबत वॅट सांगायचाच, अण्णा, ४.७ केचे पाव वॅटचे दहा द्या, असं. न सांगता गेलात तर पाव वॅटच हातात पडणार.

किती वॅट लागतो ते काढायला व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. १२ व्होल्टवर थेट १ के लावला तर १४४ भागिले १०००, ०.१४४ वॅट, पाव वॅटचा टिकतो. त्याच १२ व्होल्टवर १०० ओहम लावला तर १.४४ वॅट, पाव वॅटवाला बघता बघता धूर सोडतो. व्होल्टेज तेच, पट्ट्यातला एक रंग बदलला तर एवढा फरक.

आता एक पूर्ण गणित करू. समजा गड्ड्याच्या यात्रेत कुणाचा तरी छोटा स्टॉल आहे आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी लावायचाय. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट खातो आणि त्याला २० मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचं नाही. १२ मधून ३ गेले, राहिले ९ व्होल्ट, ९ भागिले ०.०२ म्हणजे ४५०. यादीत ४५० नाही, जवळचा मोठा ४७०, पिवळा, जांभळा, तपकिरी. बहुतेक जण इथंच थांबतात. पण बॅटरी चार्जिंगला लावली की ती १२ राहत नाही, १४.४ पर्यंत जाते. मग रेझिस्टरवर ११.४ व्होल्ट, करंट २४ मिलिअँपिअर, आणि रेझिस्टरमध्ये ०.२७ वॅटच्या वर, म्हणजे पाव वॅटवाला हद्दीबाहेर गेला आणि एलईडी पण. त्यापेक्षा ६८० ओहम, निळा, राखाडी, तपकिरी लावा. १४.४ ला १७ मिलिअँपिअर आणि ०.१९ वॅट, १२ ला १३ मिलिअँपिअर. उजेडात फारसा फरक डोळ्याला जाणवत नाही. आणि अंग अर्ध्या वॅटचं घ्या.

अर्ध्या वॅटचं का, तर माझा नियम असा की हिशोबात जेवढा वॅट येईल त्याच्या दुप्पट अंगाचा रेझिस्टर लावायचा, आणि सोलापुरात तर नक्कीच. कार्बन फिल्मचा पूर्ण वॅट भोवतीची हवा ७० अंशांपर्यंत असेल तोवरच धरायचा, त्यापुढं तो कमी कमी होत साधारण १५५ अंशांना शून्यावर येतो. ७० म्हणजे लांबची गोष्ट वाटते ना? मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं, पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, त्यात कंट्रोल बोर्ड बंद डब्यात आणि वरून कापसाची पिंज साचून थर बसलेला, हवा खेळायला जागाच नाही. डब्याच्या आत ६०-७० सहज होतं. म्हणून असा बोर्ड दुरुस्तीला आला की आधी ब्रशनं पिंज साफ करा, आणि तापणारा रेझिस्टर नवीन लावताना बोर्डाला चिकटवून न बसवता पाय जरा लांब ठेवून ४-५ मिलिमीटर वर उचलून बसवा, खालून हवा जाते आणि बोर्ड काळा पडत नाही.

अजून एक मर्यादा आहे, ती म्हणजे व्होल्टेजची. पाव वॅटच्या कार्बन फिल्मला जास्तीत जास्त २५० व्होल्टच्या आसपास चालतात, ओहम कितीही असोत. घरातली लाइट २३० व्होल्टची पण तिचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं, त्यामुळं मेनच्या बाजूला बऱ्याच बोर्डांवर एकाच्या जागी दोन रेझिस्टर एकापुढं एक लावलेले दिसतील. कंपनीनं दोन लावलेत, आपण एक मोठ्या ओहमचा लावून जागा वाचवू, असं करू नका, ते दोन व्होल्टेज वाटून घ्यायला आहेत.

जोडणीवरून आठवलं, एकापुढं एक लावले की ओहमची बेरीज होते. समांतर लावले तर कमी होतात, सारखे दोन असतील तर बरोबर निम्मे. १० केचे दोन समांतर म्हणजे ५ के, आणि वॅट दोघांत वाटला जातो म्हणजे पाव-पाव मिळून अर्धा. रविवारी दुकान बंद आणि हातात नेमका पाहिजे तो नाही, तेव्हा हे कामाला येतं.

मीटरवर तपासायचं कसं

पहिलं, सप्लाय काढा. बंद नाही, काढा, प्लग बाहेर. दुसरं, मोठा कंडेन्सर (कपॅसिटर, चार्ज साठवून ठेवणारा पार्ट) असेल तर तो रिकामा करा. टीव्ही, चार्जर, एसएमपीएसमध्ये (मेनवरून डीसी सप्लाय बनवणारा बोर्ड) मेनच्या बाजूच्या कंडेन्सरवर प्लग काढल्यावर पण ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात, तो झटका जिवावर बेतू शकतो. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडायची पद्धत सोडा, त्यानं कंडेन्सर आणि ट्रॅक दोन्हीचं नुकसान होतं. २.२ के १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर घ्या, त्याच्या पायांना इन्सुलेशन असलेल्या वायरी लावा आणि तो कंडेन्सरच्या दोन टोकांवर पाच-सहा सेकंद धरा. मग मीटर डीसी व्होल्टवर लावून शून्याच्या जवळ आलंय का ते बघा, आणि त्यानंतरच बोर्डाला हात. ही पायरी कुणी किती पण घाई केली तरी सोडायची नाही.

मग मीटर ओहमवर लावा, दोन प्रोब एकमेकांना टेकवा. ०.२-०.५ असं काहीतरी येईल, तो वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स, छोट्या ओहमचा रेझिस्टर मोजताना तेवढा वजा करायचा.

बोर्डावर बसलेला रेझिस्टर मोजला तर समांतर बसलेले बाकीचे पार्ट पण मोजले जातात. त्यामुळं आकडा पट्ट्यापेक्षा कमी आला तर लगेच काही ठरवू नका, एक पाय डाग (सोल्डर) काढून वर उचला आणि परत मोजा. पण आकडा पट्ट्यापेक्षा बराच जास्त आला आणि कंडेन्सर रिकामा आहे, तर पाय उचलायची पण गरज नाही, तो रेझिस्टर गेलाय. समांतर पार्टमुळं ओहम कमीच होतात, वाढत नाहीत. ही एक गोष्ट डोक्यात बसली की अर्धा वेळ वाचतो.

मोठ्या किंमतीचे, म्हणजे लाखाच्या वरचे मोजताना दोन्ही प्रोब बोटांनी दाबून धरू नका, तुमचं अंग पण समांतर येतं, आणि उन्हाळ्यात घामेजलेल्या हातानं तर १ मेगचा रेझिस्टर बराच कमी दिसतो. एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप लावा, दुसऱ्याला प्रोब टेकवा, बोट लांब.

जळालेला रेझिस्टर सापडला तर

आनंद होतो, सापडला म्हणून. पण रेझिस्टर स्वतःहून क्वचितच जळतो, त्याच्या पुढं कुणीतरी शॉर्ट झालंय म्हणून त्याच्यातून जास्त करंट गेला. नुसता नवीन घालून सप्लाय दिला की नवीन पण जळणार. म्हणून आधी त्याच्या पुढचा ट्रान्झिस्टर, डायोड, कंडेन्सर शॉर्ट आहे का मीटरवर बघा. आणि सारखा जळतोय म्हणून जास्त वॅटचा घालून बघू असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मग रेझिस्टर वाचतो आणि त्याच्या पुढचा महागातला पार्ट जातो.

पट्टे जळून गेले असतील तर किंमत शोधायचे मार्ग: त्या मॉडेलचं सर्किट डायग्राम मिळवा, किंवा अॅम्प्लिफायर असेल तर डावा-उजवा दोन्ही चॅनल सारखे असतात, दुसऱ्या बाजूचा तोच रेझिस्टर बघा. तेही नसेल तर रंग खरवडा, कार्बनची पट्टी कुठं तुटली ते बघा, एका टोपीपासून तुटलेल्या जागेपर्यंत मोजा, मग दुसऱ्या बाजूनं मोजा, दोन्हींची बेरीज करा आणि यादीतला जवळचा मोठा आकडा धरा. पहिलं खरवडणं नुसतं बघायला होतं, इथं तेच कामाला आलं. हा अंदाज असतो, सर्किट मिळालं तर सर्किटच खरं.

मेनच्या तोंडाशी १० ओहम, ४.७ ओहम असा छोट्या किंमतीचा रेझिस्टर असेल तर जपून. तो बऱ्याचदा फ्यूजिबल असतो, म्हणजे जास्त करंट आला की पेट न घेता शांतपणे ओपन व्हावा म्हणून मुद्दाम बनवलेला. पट्टे सारखे दिसतात म्हणून तिथं साधा कार्बन फिल्म लावला तर पुढच्या वेळी तो लाल होऊन पेटू शकतो. दुकानात फ्यूजिबल म्हणूनच मागा, आणि नसेल तर बोर्ड तसाच ठेवा, मिळाल्यावर करा, गिऱ्हाईक दोन दिवस थांबतं.

डाग देताना पाय अंगाच्या अगदी मुळाशी वाकवू नका, टोपी ढिली होते, २-३ मिलिमीटर सोडून वाकवा. कार्बन रेझिस्टरला उलटं-सुलटं नसतं, कसाही बसवला तरी चालतो, पण पट्टे सगळे एकाच दिशेनं वाचता येतील असे बसवले तर पुढं बोर्ड उघडणाऱ्याला बरं पडतं. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांत लावून काढायचं, जुन्या कॉम्पोझिशन जातीच्या बाबतीत तर नक्कीच, कारण डागाच्या उष्णतेनंच त्याची किंमत कायमची सरकू शकते. थंड झाल्यावर परत एकदा मोजा.

सगळं बसवून झालं की बोर्ड थेट मेनवर लावायचा नाही, सिरीज बोर्डवर लावायचा, ६० किंवा १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब एकदा चमकून मंद झाला किंवा विझला तर कंडेन्सर भरला आणि बोर्ड ठीक आहे, मग थेट सप्लाय द्या, पाच मिनिटं चालवा, परत प्लग काढून कंडेन्सर रिकामा करून रेझिस्टर किती तापलाय ते बघा. बल्ब पूर्ण उजेडानं पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे, लगेच बंद करा आणि त्या रेझिस्टरच्या पुढच्या पार्टपासून परत मोजायला लागा.